चांदीवरच्या तीन रेघा

कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, बहिरी ससाण्याचा होरस, शेणकिडा, होरसचा डोळा, 'आंख' नावाचं जीवनचिन्ह. प्राचीन इजिप्तच्या या खुणा आज चांदीच्या जाडजूड नाण्यांवर छापल्या जातात आणि जगभरचे हौशी संग्राहक ती नाणी घेतात. वजन बहुधा एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, काही दोन औंसांची, काही पाच औंसांची, तर काही थेट किलोभराची. खासगी टांकसाळी ती पाडतात. काहींवर कुठल्यातरी देशाचं नाव आणि दर्शनी किंमत असते, तर काहींवर काहीच नसतं. अशांना बाजारात 'राउंड' म्हणतात; कायद्याने ती नाणी नव्हेत, चांदीच्या चकत्याच.

या नाण्यांवरून आमच्या घरात वाद झाला. एका बाजूला माझी थोरली बहीण. कॉलेजात तिने जन्मभर प्राचीन इतिहास शिकवला आणि चित्रलिपी हौसेने शिकून घेतली. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा. तो पिंपरीच्या एका टूलरूममध्ये डाय बनवतो आणि अलीकडे ही नाणी जमवू लागला आहे. माझा कल बहिणीकडे होता, अजूनही बराचसा तिकडेच आहे. पण मुलाचे काही मुद्दे मला खोडता आले नाहीत, म्हणून दोघांचं बोलणं इथे मांडतो.

आत्या: अरे, तुतनखामेनने आयुष्यात एक तरी नाणं हातात धरलं असेल का? नाही. फेरोंच्या इजिप्तमध्ये जवळजवळ अखेरपर्यंत नाणंच नव्हतं. मजुरांना पगार धान्यात मिळायचा. वस्तूची किंमत 'देबेन' या वजनात बोलायचे; नव्या राज्याच्या काळात एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. देर अल-मदिना ही थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती. तिथले हिशेब खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहिलेले सापडलेत. गाढव इतक्या देबेनाचं, शवपेटी इतक्या देबेनाची, सगळं तांब्यात मांडलेलं. पण तांबं हातात पडायचंच असं नाही. तेवढ्या किमतीचं धान्य, तेल, कापड, टोपल्या द्यायचे आणि व्यवहार मिटायचा. ज्यांचा संसार नाण्यावाचून चालला, त्यांचे देव तुम्ही नाण्यावर आणून बसवता.

भाचा: नाणं नव्हतं, पण चांदी होती ना? देवांचं मांस सोन्याचं आणि हाडं चांदीची, असं ते मानायचे, हे तूच सांगितलंयस.

आत्या: होती, आणि दुर्मीळ होती. सोनं त्यांच्या पूर्वेच्या वाळवंटात आणि नूबियात मिळायचं. चांदी बरीचशी बाहेरून यायची, त्यामुळे जुन्या राज्याच्या काळात ती सोन्याहूनही मोलाची असावी. तानिसला प्येर माँते या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९४० साली पहिल्या सुसेनेसची कबर उघडली, तेव्हा आतली शवपेटी चांदीची निघाली. राजाचा शांत चेहरा आणि कपाळावर सोन्याचा नाग. तिकडे युरोपात महायुद्ध पेटलेलं, म्हणून तुतनखामेनची कबर शोधणाऱ्या कार्टरच्या शोधाचा झाला तसा त्याचा गवगवा झाला नाही. नाहीतर आज सुसेनेसचं नावही घराघरात असतं.

भाचा: म्हणजे माझं चांदीचं नाणं त्यांच्या समजुतीशी जुळतंच. अनुबिस प्रेताची काळजी घेणारा देव, आणि धातू देवांच्या हाडांचा. ज्याने हे नाणं योजलं त्याला हे ठाऊक नसेलही, पण जुळलंय खरं.

आत्या: ठाऊक नसेल, हेच तर माझं दुखणं आहे. ती शवपेटी कुणाला विकायला घडवलेली नव्हती. तिच्यावरच्या प्रत्येक खुणेला काम होतं. नाग राजाचं रक्षण करी, डोळा शरीर अभंग ठेवी, आंख श्वास देई. ताबीज कुठे ठेवायचं, कोणत्या दगडाचं करायचं, हेसुद्धा ठरलेलं असे. हृदयावर ठेवायच्या शेणकिड्याच्या पोटावर मंत्र कोरत, 'हे हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस' अशा अर्थाचा. पुढे न्यायसभेत ते हृदय सत्याची देवता मात हिच्या पिसाशी तोललं जाणार. अनुबिस तराजूचा काटा बघणार, थोथ निकाल लिहून घेणार, आणि मगरीच्या तोंडाची अम्मित शेजारी वाट बघत बसलेली. इतकं सगळं त्या एका किड्यात आहे. तुझ्या नाण्याच्या डबीतल्या कागदावर अनुबिसबद्दल काय लिहिलंय? 'मृत्यूचा भयंकर देव'. भयंकर कसला? मेलेल्या माणसाला सांभाळून नेणारा देव तो.

भाचा: कागद वाईट आहे, मान्य. होरसच्या डोळ्याच्या नाण्याबरोबरही असाच एक कागद आला होता. डोळ्याच्या सहा भागांना निम्मा, पाव, दोन आणे असे अपूर्णांक दिलेले, आणि बेरीज ६३/६४.

आत्या: ती कथा जुन्या पुस्तकांत सापडते, आणि ऐकायला इतकी सुरेख आहे की कुणी सोडतच नाही. धान्य मोजायच्या अपूर्णांकांच्या खुणा डोळ्याच्या तुकड्यांपासून निघाल्या, हे अलीकडच्या अभ्यासकांनी बरंच खोडून काढलंय. कागद छापणाऱ्याने एवढं तरी तपासावं.

(इथे मला बोलावंसं वाटलं. लक्ष्मीपूजनाला आपण सराफाकडून चांदीचं लक्ष्मीचं नाणं आणतो. तेही कायद्याने चलनी नाणं नसतं. पण त्यावर हळदकुंकू वाहिलं जातं, ते देवघरात राहतं आणि त्यावरच्या लक्ष्मीचं काम चालू असतं. अनुबिसचं काम मात्र संपलेलं. बहिणीचा मुद्दा मला तिथेच पटला.)

भाचा: बाबा, काम संपलं म्हणून खूण मरते का? आणि आत्या, तू ताबिजांचं इतकं सोवळं करतेस, पण ती हजारोंनी साच्यातून काढलेली असायची. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला अमर्नामध्ये मातीचे साचे किती मिळाले?

आत्या: हजारो. अंगठ्यांचे, मण्यांचे, ताबिजांचे.

भाचा: मग? साच्यात फायान्स नावाचं मिश्रण दाबायचं, भट्टीत भाजायचं, निळी चमक आली की विकायचं. तोही कारखानाच. तिसऱ्या आमेनहोतेपने तर शेणकिड्याच्या आकाराची स्मारकं काढली होती. पोटावर मजकूर : राजाचं तियेशी लग्न, राजाने मारलेले शंभरावर सिंह, राणीसाठी खोदलेला तलाव. दोनशेच्या वर सापडलीत. नूबियापासून सीरियापर्यंत पोचली होती. राजाच्या आज्ञेने एकच मजकूर अनेक प्रतींत काढायचा आणि मानाची भेट म्हणून वाटायचा. आत्या, याला स्मारक नाणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हा मुद्दा त्याने कुठून वाचून आणला होता कोण जाणे, पण तो जोरकस होता. प्रत काढणं हा अपराध नाही. खुद्द फेरोने प्रती काढल्या आणि वाटल्या. 'पवित्र चिन्हाचा बाजार मांडला' एवढ्याने ही नाणी बाद होत नाहीत, हे बहिणीलाही मान्य करावं लागलं. तिने लगेच दुसरीकडून विषयाला हात घातला.

आत्या: बरं. पण आमेनहोतेपचा शेणकिडा आमेनहोतेपने काढला. तुझं नाणं कुणी काढलंय? उलटव बघू.

भाचा: हे चाड प्रजासत्ताकाचं. पाडलंय अमेरिकेतल्या खासगी टांकसाळीने.

आत्या: आणि ते दुसरं?

भाचा: निउएचं. पॅसिफिकमधलं बेट.

आत्या: लोकसंख्या दोन हजारसुद्धा नाही. व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये. एका बाजूला इंग्लंडच्या राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला अनुबिस. आणि चाडची सीमा तर इजिप्तला लागतही नाही, मध्ये लिबिया आणि सुदान. या देशांना नाव वापरू दिल्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गरिबाघरी पैसा जातोय. पण ज्या देशाच्या मातीतून हे सगळं निघालं त्याला यातलं काय मिळतं? अरे, परक्या सत्तेने चांदीच्या नाण्यावर इजिप्तचं चिन्ह आणल्याचा जुना दाखला कोणता, ठाऊक आहे? रोमच्या ऑगस्टसचा दिनार, इ.स.पू. २८-२७. त्यावर एक मगर आणि दोन शब्द : 'इजिप्त जिंकला'. क्लिओपात्रा मेल्याला दोन-तीन वर्षंही झाली नव्हती.

भाचा: चाडने कुणाला जिंकलेलं नाही, आत्या.

आत्या: नाही. पण विचारलंही नाही.

भाचा: विचारायचं कुणाला? देव तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांना पुजणारं शेवटचं देऊळ, फिलेचं, सहाव्या शतकात बंद झालं. आजचे इजिप्शियन मुसलमान नाहीतर कॉप्टिक ख्रिस्ती. अनुबिसचा मालक कोण?

आत्या: मालक कुणी नाही, वारस आहेत. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने तिथल्या पुरावस्तू सरकारच्या झाल्या. २००७ च्या अखेरीस तिथल्या पुरावस्तू खात्याचे तेव्हाचे प्रमुख झाही हवास यांनी तर पिरॅमिड आणि पुरावस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृतींवर शुल्क लावायचा विचार बोलून दाखवला होता. पैसा जुन्या वास्तूंच्या देखभालीला जावा, हा हेतू.

भाचा: जगभर हसले होते लोक.

आत्या: हसणाऱ्यांच्या संग्रहालयांत काय काय आहे ते बघ. नेफरतितीचं शिल्प १९१२ च्या डिसेंबरात अमर्नाच्या थुतमोस शिल्पकाराच्या कार्यशाळेत सापडलं आणि आज ते बर्लिनमध्ये आहे. इजिप्त कित्येक दशकं ते परत मागतोय. तिचाच चेहरा नाण्यांवर येतो, आणि तो विकत घेणाऱ्या कैरोच्या मुलीला मूळ शिल्प बघायला जर्मनीचा व्हिसा लागतो.

यावर मुलगा काही बोलला नाही. माझ्या मते सगळ्या वादात याला उत्तर नाही. हवास यांचा कायद्याचा विचार व्यवहारात कठीण होता, हे खरं. पिरॅमिडच्या आकारावर हक्क कोण कसा बजावणार? पण मूळ मागणी न्यायाची होती. एखाद्या टांकसाळीने आपण होऊन विक्रीतला वाटा तिथल्या जतनकार्याला दिला, तर तिचं नाणं मी स्वतः घेईन.

मग मुलाने खिशातून भिंग काढलं. डायच्या धंद्यातली माणसं भिंगाशिवाय फिरत नाहीत. दोन नाणी टेबलावर ठेवली आणि तो त्याच्या प्रांतात शिरला.

भाचा: आता हे बघ. उठाव किती आहे ते बोटाने चाचपून बघ. अनुबिसचं नाक सपाटीपासून किती वर आलंय. असा उठाव एका दाबात येत नाही. चांदी दाबली की कडक होते, मग ती तापवून मऊ करायची, पुन्हा दाबायची, पुन्हा तापवायची. धातूला डायच्या खोल भागात चढायला वेळ लागतो. चढला नाही तर नाक बुजतं, कानाची टोकं गोल होतात. आणि नाकाकडे धातू ओढला गेला की पाठीमागे, बरोबर त्याच जागी, खळगा पडायची भीती. म्हणून मागची नक्षी त्या हिशेबाने मांडावी लागते. हे ज्याने केलंय तो कसबी माणूस आहे, आत्या. चलनी नाणं सपाट असतं, कारण ते एका दाबात लाखोंनी काढायचं असतं, शिवाय एकावर एक रचता यायला हवं. त्यात हे होणे नाही.

आत्या: आणि हा काळपटपणा? मुद्दाम जुनं दाखवायचं?

भाचा: गंधकाच्या रसायनात बुडवून काळं करतात, मग वरचे भाग घासून उजळवतात. काळं खोबणीत राहतं. ते केलं नाही तर एवढ्या उठावावर उजेड नुसता चमकतो, आकार कळतच नाही. हवेतल्या गंधकाने चांदी आपोआपही काळी पडतेच. इथे ते कारागिराला हवं तिथे पाडून घेतलंय. जुन्याचं सोंग म्हणून केलेलं नाही.

आत्या: बरं. दे ते भिंग.

तिने अनुबिसच्या नाण्याची कड पाहायला सुरुवात केली. कडेने चित्रलिपीची एक पट्टी होती. बराच वेळ ती बोलली नाही.

आत्या: हे काही लिहिलेलंच नाही.

भाचा: म्हणजे?

आत्या: चित्रलिपीत माणसं, पक्षी, प्राणी यांची तोंडं ओळीच्या सुरुवातीकडे असतात. त्यावरून कुठून वाचायचं ते कळतं. इथे घुबड डावीकडे बघतंय, त्याला लागून लाव्याचं पिल्लू उजवीकडे. मध्ये पाण्याची लाट, वेताचं पान, पुन्हा घुबड. सुंदर कोरलंय. पण हा शब्द नाही, वाक्य नाही, कुणाचं नाव नाही. कुणी तरी यादीतली चिन्हं उचलून शोभेला पेरलीत.

भाचा: थांब. हे मला कळतंय. अर्धी पट्टी काढली आणि संगणकावर आरशासारखी उलटवली. सांधा बघ, बरोबर अनुबिसच्या पायाखाली. पण आत्या, इजिप्शियनसुद्धा उलटवायचेच की! दारावरच्या शिळांवर मजकूर मधून दोन्ही बाजूंना जातो.

आत्या: जातो ना! मधोमध एकच आंख कोरायचा. तोच डाव्या ओळीचा पहिला शब्द आणि तोच उजव्या ओळीचाही. तिथून राजाचं नाव दोन्ही दिशांना चालू. दोन्ही ओळी वाचता येतात. उलटवणं चुकलेलं नाही. उलटवलं काय, तर मुळात न लिहिलेलं. आता ते दुसरं दे.

दुसरं नाणं लहान होतं, उठावही बेताचा. मधोमध राजनामाचं लांबट कडं, त्यात वर सूर्याची चकती, खाली शेणकिडा, सगळ्यात तळाशी टोपली. तिने भिंग जवळ नेलं.

आत्या: आहेत!

भाचा: काय?

आत्या: तीन रेघा. किड्याच्या खाली. बारीक आहेत, पण आहेत. सूर्य म्हणजे रा, मानाने वर लिहायचा. किडा म्हणजे खेपेर, आणि तीन रेघा अनेकवचनाच्या, म्हणून खेपेरू. टोपली म्हणजे नेब. नेब-खेपेरू-रा. तुतनखामेनचं राज्याभिषेकाचं नाव. घाईने काढलेल्या स्मरणवस्तूंवर या रेघा हमखास गळतात. इथे कुणीतरी मूळ समोर ठेवून काम केलंय.

भाचा: एवढ्या बारीक रेघा डायमध्ये काढणं सोपं नसतं. इतक्या छोट्या आकारात टूल तुटतं. मी असतो तर ग्राहकाला विचारलं असतं, काढून टाकू का म्हणून.

आत्या: आणि तो म्हणाला असेल, नको.

मला वाटतं, वादाचा खरा निकाल इथेच लागला, दोघांपैकी कुणी तसं बोललं नसलं तरी. नाणं कुठल्या देशाचं, प्रती किती, चांदीचा कस किती, हे प्रश्न आहेतच. पण अक्षरं उमटवली असतील तर ती वाचता आली पाहिजेत, ही अट ठेवली की या बाजारातला निम्मा माल गळून पडेल, आणि उरेल तो अभिमानाने जमवावा असा असेल.

पैशांचं बोलणं त्यामानाने लवकर आटोपलं. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदी औंसाला ५० डॉलरच्या वर गेली, तेव्हा मुलाच्या डबीची किंमत बसल्या जागी वाढली. पण ती चांदीची वाढ. अनुबिसचा त्यात वाटा नाही. घेताना धातूच्या भावावर बरीच घडणावळ मोजावी लागते, आणि सराफाकडे मोडीत घातलं की वजनाचेच पैसे मिळतात, वर देव असो की गुळगुळीत चकती. जादा किंमत हवी तर दुसरा संग्राहकच शोधायला हवा. मुलाला हे ठाऊक आहे. गुंतवणूक म्हणून घ्यायची तर साधी वीट घ्यावी, असं तोच म्हणाला.

आत्या: घडणावळ नक्षीची देतोस ना? मग नक्षी खरी असायला हवी. इजिप्तची स्वतःची नाणी का नाही घेत? १९५० च्या दशकातल्या चांदीच्या पियास्टरवर स्फिंक्स आहे. आजच्या एका पौंडाच्या नाण्यावर तुतनखामेनचा मुखवटा आहे. चांदी नाही त्यात, पण कैरोतला भाजीवाला ते सुट्टे म्हणून परत देतो.

भाचा: पियास्टर घेईन. पण मला विचारशील तर स्फिंक्स सपाट आहे. मला उठाव हवा. आणि एक सांग, फेरोंनी 'जवळजवळ अखेरपर्यंत' नाणं पाडलं नाही म्हणालीस. म्हणजे अखेरीस पाडलं?

आत्या: पाडलं, सोन्याचं. तिसाव्या घराण्याचा दुसरा नेक्तानेबो, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला. इराणी सम्राटाशी लढायला त्याने ग्रीक भाडोत्री सैनिक ठेवले होते, आणि त्यांना पगार नाण्यातच हवा. एका बाजूला पुढचे पाय उचललेला घोडा, दुसऱ्या बाजूला दोन चित्राक्षरं, नेफर आणि नूब. चांगलं सोनं.

भाचा: म्हणजे चित्रलिपी नाण्यावर आली तीच परक्यांसाठी.

आत्या: हो, ज्यांना ती वाचता येत नव्हती अशांसाठी. पण लिहिली बरोबर. नंतरच्या ग्रीक टॉलेमी राजांनी ती आपल्या चांदीवर आणलीच नाही. एदफूला होरसचं एवढं देऊळ उभारलं, भिंती चित्रलिपीने भरल्या, आणि नाण्यावर मात्र वज्रावर बसलेला झ्यूसचा गरुड आणि ग्रीक अक्षरं. निदान जे लिहिता येत नाही ते लिहिलं नाही त्यांच्या टांकसाळीने.

भाचा: मी अनुबिसवाल्यांना लिहितो. पट्टीत काय लिहिलंय ते विचारतो.

आत्या: विचार. आणि हेही कळव की पुढच्या वेळी मजकूर हवा असेल तर न्यायसभेच्या मंत्रातली एक ओळ घ्या, शेकडो पपायरसांवर सापडेल. ते जमणार नसेल तर पट्टी काढून टाका, अनुबिस एकटा चालेल.

भाचा: पट्टी काढली तर कड मोकळी पडेल. तिथे दाब नीट बसायला काहीतरी लागतं.

आत्या: मग मणी घाला. मण्यांना वाचावं लागत नाही.